जंतू सुधारला, पऱ्हाटीचा भाव कधी सुधारणार?



मागच्या हंगामात, कापसाची वेचणी आटोपत आली असताना, आमच्या तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम झाला. पाहुणे शहरातून आले होते. पडद्यावर चित्रे दाखवत त्यांनी सांगितले की, प्रयोगशाळेत आता असे जंतू तयार झाले आहेत की ते पऱ्हाटीतली आणि कडब्यातली साखर खाऊन तिचे इथेनॉल करतात. पूर्वीचे जंतू निम्मीशिम्मी साखर तशीच टाकून देत, आताचे देत नाहीत. जंतूंची जात सुधारतच चालली आहे. शेतातल्या कचऱ्याचे सोने होणार. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही ज्याला कचरा म्हणता ना, त्याच्यावर आमची चूल पेटते. तुमच्या जंतूला काय खाऊ घालता ते कळलं. मला काय देता, ते सांगा."

पाहुण्यांनी हसून सांगितले, भावाचा विषय आमच्या खात्यातला नाही.

हेच आम्ही जन्मभर ऐकत आलो. बियाणेवाल्याच्या खात्यात भाव नाही, खतवाल्याच्या खात्यात भाव नाही, विद्यापीठाच्या खात्यात तर नाहीच नाही. उत्पादन वाढवा, हे सांगायला सगळे पुढे. वाढलेल्या उत्पादनाचे पैसे कुणाच्या खिशात गेले, हे विचारले की विषय खात्याबाहेरचा होतो. म्हणून आजच्या बैठकीपुढे आम्ही हा विषय ठेवत आहोत. आमचा जंतूला विरोध नाही. जंतू सुधारणाऱ्या विज्ञानालाही विरोध नाही. ते विज्ञान आणखी वेगाने पुढे जावे आणि कोरडवाहूच्या कामाला यावे, असेच आमचे म्हणणे आहे. पण सुधारलेला जंतू जो जास्तीचा लिटर काढून देतो, त्यात पऱ्हाटी पिकवणाऱ्याचा वाटा किती, याचा निकाल आधी लागला पाहिजे.

हा जंतू आहे तरी कोण?

आंबवणे आपल्याला नवे नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील आपल्या घरोघरी होते. शिंदीच्या झाडाला लावलेले मडके सकाळी गोड असते आणि ऊन चढेपर्यंत फेसाळते. हे काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. त्यांतला एक यीस्ट. त्याला बुरशीचा भाऊबंद म्हणा. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढतात, तो यीस्टच्याच जोरावर.

दुसरा आहे खराखुरा जीवाणू. त्याचे नाव झायमोमोनास. मेक्सिकोत घायपातासारख्या झाडाच्या रसापासून पुल्के नावाचे पेय करतात. त्यात 1920 च्या दशकात पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाला तो सापडला. ताडी-माडीतही तो असतो. या जंतूचा गुण शेतकऱ्याला चटकन कळेल. पऱ्हाटी नुसती फोफावली, पाला माजला आणि बोंडे कमी धरली तर आपण कपाळाला हात लावतो. यीस्टचे थोडेसे तसे आहे. साखरेतून मिळणाऱ्या शक्तीवर तो स्वतःही बऱ्यापैकी वाढतो. झायमोमोनासला त्याच साखरेतून यीस्टच्या निम्मीच शक्ती मिळते. त्यामुळे तो अंगाने फारसा वाढत नाही आणि जवळजवळ सगळ्या साखरेचे इथेनॉल करून ठेवतो. पाला कमी, बोंडे जास्त.

मग अडले कुठे? अडले ते खाण्यात. हा जंतू खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. ग्लुकोज, फळातली साखर आणि उसाची साखर एवढ्या तीनच गोष्टी तो खातो. पऱ्हाटीत आणि कडब्यात साखर मोकळी नसते. ती धाग्यासारख्या लांब साखळ्यांत बांधलेली असते. त्यातली एक साखळी सेल्युलोजची. ती फोडली की ग्लुकोज मिळते. दुसरी हेमिसेल्युलोजची. ती फोडली की मुख्यतः झायलोज नावाची वेगळीच साखर निघते. या दोन्हींना सिमेंटासारखे धरून ठेवणारे तिसरे द्रव्य लिग्निन. त्याच्यामुळे पऱ्हाटी लाकडासारखी कडक होते. लिग्निनचे इथेनॉल होत नाही, ते बॉयलरमध्ये जाळतात. झायलोज मात्र झायमोमोनास खात नाही आणि साधे यीस्टही खात नाही. म्हणजे कारखान्याने पैसे टाकून पऱ्हाटी फोडली तरी तिच्यातल्या साखरेचा मोठा वाटा टाकीत तसाच पडून राहतो.

जात कशी सुधारली

ही अडचण दोन वाटांनी सुटली. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात लॉनी इन्ग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली उलटा विचार केला. ई. कोलाय नावाचा जंतू माणसाच्या नि जनावराच्या आतड्यात असतो. तो झायलोजसकट अनेक साखरा खातो, पण त्यांची आम्ले करतो, इथेनॉल फार थोडे. त्याच्यात झायमोमोनासची दोन जनुके घातली, आणि सर्वभक्षी जंतू इथेनॉल करू लागला. 19 मार्च 1991 रोजी या शोधाला अमेरिकेने पेटंट दिले. त्याचा क्रमांक होता 50,00,000. अमेरिकेचे पन्नास लाखावे पेटंट एका जंतूला मिळाले, यावरून त्या देशाने या कामाचे मोल काय केले ते समजावे.

दुसरी वाट कोलोरॅडोतील सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेची. तिथे मिन झांग आणि सहकाऱ्यांनी 1995 साली झायमोमोनासमध्येच ई. कोलायची चार जनुके घातली आणि त्याला झायलोज खायला शिकवले. यीस्टलाही तेच शिकवण्याचे काम पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी त्याच दशकात केले.

जनुके घालणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग तुमच्या-आमच्या आजोबांचा आहे. खळ्यावर ज्वारी आली की आजोबा टपोरी कणसे निवडून बियाण्याला बाजूला ठेवायचे. दर वर्षी निवड, दर वर्षी पेरणी. प्रयोगशाळेतही हेच करतात. पऱ्हाटी आम्लाने आणि वाफेने फोडताना तिच्यातून ॲसेटिक आम्ल, फरफ्युरल अशी जंतूंना मारक द्रव्ये बाहेर पडतात. अशा विषारी रसात जंतू वाढवायचे. बहुतेक मरतात. जे तगतात त्यांना पुन्हा त्याहून कडक रसात टाकायचे. शेकडो पिढ्या गेल्या की त्या रसात टिकणारी जात मिळते. शेतकऱ्याच्या निवडीचे हे शास्त्र आहे. फरक एवढाच की ज्वारीची पिढी वर्षाची आणि जंतूची काही तासांची.

आता हिशेब

आकडे कागदावर मांडून पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की एक टन वाळलेल्या पऱ्हाटीत 350 किलो सेल्युलोज आणि 180 किलो हेमिसेल्युलोज आहे. सेल्युलोज पूर्ण फुटले तर सुमारे 390 किलो ग्लुकोज मिळते. रसायनशास्त्राचा नियम असा की 100 किलो साखरेतून जास्तीत जास्त 51 किलो इथेनॉल निघते, त्याहून एक थेंब जास्त निघू शकत नाही. म्हणजे ग्लुकोजचे सुमारे 250 लिटर. हेमिसेल्युलोजमधून सुमारे 200 किलो झायलोज, त्याचे 130 लिटर. एकूण 380 लिटर ही कागदावरची हद्द.

जुन्या जंतूने झायलोज टाकून दिले तर 130 लिटर, म्हणजे एक तृतीयांश माल, बुडाला. नवा जंतू त्यातले वाचवतो. हीच जात सुधारण्याची किंमत आहे.

प्रत्यक्षात 380 लिटर कुठेच निघत नाहीत. साखळ्या पूर्ण फुटत नाहीत, वाटेत साखर वाया जाते, जंतू दमतात. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी सुरू झाला. तो भाताच्या तणसापासून इथेनॉल करण्यासाठी आहे. जाहीर झालेला हिशेब असा: वर्षाला सुमारे 2 लाख टन तणस आणि सुमारे 3 कोटी लिटर इथेनॉल. भागाकार तुम्हीच करा. टनाला 150 लिटर.

हाच आकडा पऱ्हाटीला धरू, आणि इथेनॉलचा भाव लिटरला 60 रुपये धरू. टनाचे 9,000 रुपये झाले. उद्या जंतूची जात सुधारली आणि टनामागे 30 लिटर जास्त निघू लागले, तर त्याच पऱ्हाटीचे 1,800 रुपये जास्त झाले. पऱ्हाटी तीच, पाऊस तोच, उपटणी तीच, उपटताना हाताला आलेले फोडही तेच. या 1,800 रुपयांत आमचे किती?

कारखानदार म्हणेल, आमचा खर्च बघा. साखळी फोडणारी एन्झाइमे महाग आहेत, आम्ल आहे, वाफ आहे, कर्ज आहे. खर्च आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण आमचाही खर्च बघा ना! चिमट्याने पऱ्हाटी उपटणे, गोळा करणे, धुऱ्यावर रचणे, भरणे, वाहून नेणे. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर टन भरता भरत नाही. आणि त्या पऱ्हाटीचे आज मोल शून्य नाही. तिच्यावर चुली पेटतात. तिची कुट्टी होऊन पांढरा कोळसा होतो आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातो. मुंबईला माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. रोटाव्हेटरने जमिनीत गाडली तर काळ्या रानाला सेंद्रिय खत मिळते. कडब्याची तर गोष्टच वेगळी. दुष्काळात धान्यापेक्षा कडब्याची पेंढी भाव खाते. ज्याला इतके गिऱ्हाईक, तो कचरा कसा? कचरा हा शब्द भाव पाडण्यासाठी शोधलेला आहे. फुकट मिळावे असे वाटते त्या मालाला आधी नाव ठेवायचे, ही व्यापाऱ्याची जुनी रीत आहे. कापसाच्या गाडीत हात घालून "ओला आहे, कवडी आहे" म्हणणारा आपल्याला नवा नाही.

जंतू हुशार, तरी कारखाना बंद

अमेरिकेतला एक धडा सांगितला पाहिजे. ड्युपाँट या बड्या कंपनीने आयोवा राज्यातील नेवाडा गावी मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करण्याचा मोठा कारखाना 2015 साली उघडला. जंतू होता तोच, सुधारलेला झायमोमोनास. जगातली उत्तमातली उत्तम जात. ताटे घ्यायची होती आसपासच्या सुमारे 500 शेतकऱ्यांकडून. 2017 साली ड्युपाँटने त्या धंद्यातून अंग काढून घेतले आणि पुढच्या वर्षी कारखाना विकला गेला. कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन येथे 2014 साली उघडलेला अबेंगोआ कंपनीचा कारखाना त्याहून लवकर, 2015 सालीच बंद पडला.

का? कारणे बरीच आहेत. पेट्रोल-डिझेलचे भाव पडले, मालकांची धोरणे बदलली, कर्जे डोईजड झाली. पण या सगळ्या कारखान्यांना छळणारी एक गोष्ट आपल्या रोजच्या अनुभवातली आहे. हलका, फुगीर, माती चिकटलेला, वर्षातून एकदाच मिळणारा माल गोळा करणे, वाळवणे, बारा महिने आगीपासून सांभाळणे आणि यंत्राला सोसेल असा बारीक करून देणे. म्हणजे शेतकऱ्याचे काम. प्रयोगशाळेने जंतूवर पस्तीस वर्षे खर्च केली. शेतातून टाकीपर्यंतच्या वाटेवर त्याच्या पासंगालाही पुरेल इतके कुणी खर्चले नाही, कारण ती वाट आपोआप होईल, शेतकरी माल आणून टाकेलच, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

आपल्याकडेही एक जुना अनुभव आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर 1970 च्या दशकापासून काम केले. वर कणसाचे धान्य, खाली उसासारखे गोड धाट, पाणी उसाच्या मानाने फार कमी. कोरडवाहूसाठी याहून चांगली कल्पना कोणती? पुढे इक्रिसॅटच्या मदतीने आंध्रातील, आताच्या तेलंगणातील, मेदक जिल्ह्यात 2007 साली गोड ज्वारीची डिस्टिलरीही उभी राहिली. पण गोड धाट तोडले की एक-दोन दिवसांत त्यातली साखर उतरू लागते. रानटी जंतू आधी जेवून जातात, पाळीव जंतूच्या वाट्याला उष्टे येते. शेत ते चरक हे अंतर तासांत कापायचे असेल तर कारखाना शंभर कोसांवर असून चालत नाही. तो गावाजवळ, लहान असावा लागतो. लहान कारखान्याला परवाने द्यायची मात्र कुणाची तयारी नाही.

उघडणारी आणि बंद होणारी तोटी

इथेनॉलचे सरकारी धोरण आपण वीस वर्षांहून जास्त काळ पाहतो आहोत. पेट्रोलमध्ये 5 टक्के मिसळण्याचा कार्यक्रम 2003 साली नऊ राज्यांत सुरू झाला. 2018 साली जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले. जून 2022 मध्ये मिश्रण 10 टक्क्यांवर आणि 2025 साली 20 टक्क्यांवर गेले. एवढी वाढ झाली, पण कुणाच्या मालावर? ऊस, मळी, तांदूळ, मका. पऱ्हाटी-कडब्यासारख्या मालापासून इथेनॉल काढण्यासाठी 2019 साली प्रधानमंत्री जी-वन योजना आली, 1,969 कोटी 50 लाख रुपयांची. पानिपतला भाताचे तणस, ओडिशात बारगढला भाताचेच तणस, आसामात नुमालीगढला बांबू. पऱ्हाटीचा कारखाना विदर्भात नाही, मराठवाड्यात नाही, खानदेशात नाही. देशातल्या कापसाच्या रानाचा सगळ्यात मोठा तुकडा ज्या राज्यात, तिथे भाषणे तेवढी आली.

आणि जिथे कारखाने आहेत तिथे काय? 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने एका फर्मानाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कर्जे काढून उभारलेल्या टाक्या कोरड्या पडायची वेळ आली. काही दिवसांतच 17 लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत सूट दिली. 2024-25 च्या वर्षाला ती बंदी उठवली. कारण काय, तर साखर महाग होऊ नये. शहरातल्या चहाच्या कपात पाव चमचा साखर महाग होऊ नये म्हणून शेतकऱ्याच्या मालाची वाट अडवायची, ही रीत काही बदललेली नाही. मक्याच्या इथेनॉलला चांगला भाव दिला, मक्याला बरे दिवस आले, पण गाळप झालेल्या मक्याचा चोथा पशुखाद्यात स्वस्त आला आणि सोयाबीनच्या पेंडीला गिऱ्हाईक कमी झाले. आमच्यापैकी ज्यांनी कापूस मोडून सोयाबीन पेरले त्यांना हे सांगायला नको.

ज्या सरकारला तोटी उघडायचा आणि बंद करायचा अधिकार आहे, त्याच्या भरवशावर जंतू कितीही सुधारला तरी शेतकऱ्याचा संसार सुधारत नाही.

दोन भुते

या विषयात आपल्याला दोन भुतांपासून जपायचे आहे.

पहिले भूत म्हणते, जनुके बदललेले जंतू म्हणजे राक्षस. ते सुटले तर जग बुडेल. भावांनो, हे ऐकून आपले कान किटले आहेत. बीटी कापसाला 26 मार्च 2002 रोजी परवानगी मिळाली, त्याआधीही हेच ऐकले. सुधारलेला जंतू बंद टाकीत काम करतो. त्याच्यासाठी 1989 चे नियम आहेत, परवानगी लागते, काम झाल्यावर त्याला उष्णतेने मारून टाकावे लागते. हे नियम पाळलेच पाहिजेत आणि टाकीतले सांडपाणी नदीत सोडणाऱ्याला शिक्षाही झाली पाहिजे. पण विज्ञानाच्या नावाने भूत उभे करून कोरडवाहूची आणखी एक वाट बंद करू नका. आम्हाला एवढेच विचित्र वाटते की कारखान्याच्या टाकीत नवे जनुक चालते आणि शेतकऱ्याच्या वावरात तणनाशक सहन करणारे कापसाचे बी असले की पोलीस पंचनाम्याला येतात. विज्ञान शहाणे असेल तर दोन्हीकडे शहाणे असले पाहिजे.

दुसरे भूत एकाधिकाराचे. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. आपल्याच घरचा कापूस राज्याच्या हद्दीबाहेर नेला तर आपण चोर ठरायचो. उसाला झोनबंदी आली, पलीकडच्या कारखान्याला ऊस घातला तर गुन्हा. उद्या पऱ्हाटीचा कारखाना आला की साहेब लोक म्हणतील, कारखान्याला माल पुरला पाहिजे, म्हणून आसपासच्या पन्नास किलोमीटरची पऱ्हाटी त्याच्यासाठी राखीव. कारखाना तोट्यात, म्हणून भाव कमी. माल द्यायचा नाही म्हणाल तर गुन्हा दाखल. हे आज झालेले नाही. होऊ नये म्हणूनच आज बोलायचे. नंतर बोलून उपयोग नसतो, हे आपण तीस वर्षे कापूस घालून शिकलो आहोत.

जंतूवाल्यांकडे आमचे मागणे

शास्त्रज्ञांशी आमचे भांडण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाच्या कामाच्या जंतूंचा संग्रह 1951 पासून आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत या विषयावर केंद्र आहे आणि त्यांच्या तंत्राचा नमुना कारखाना उत्तराखंडात काशीपूरला 2016 साली उभा राहिला. बुद्धी आपल्याकडे आहे. 1991 च्या त्या पन्नास लाखाव्या पेटंटाची मुदतही केव्हाच संपली. ती वाट आता कुणाच्या मालकीची नाही. मग आमच्या रानाकडे बघून काम का होऊ नये?

आम्हाला असा जंतू हवा जो उन्हाळ्यात तग धरेल. साधा जंतू तीस-पस्तीस अंशांना खूश असतो. आंबताना टाकी आपोआप तापते, ती थंड ठेवायला पाणी लागते. अकोल्या-यवतमाळच्या वैशाखात ते पाणी कुठून आणायचे? माणसाला प्यायला टँकर आणि जंतूला अंघोळीला नदी, हे चालणार नाही. शिवाय साखळी फोडणारी एन्झाइमे पन्नास अंशांच्या आसपास चांगली चालतात, जंतू त्या तापमानाला मरतो. उष्णता सोसणारा जंतू मिळाला तर दोन्ही कामे एकाच टाकीत, कमी पाण्यात होतील. साठ अंशांना जगणारे आणि सेल्युलोज स्वतःच फोडणारे जीवाणू निसर्गात आहेत. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा त्यातला नावाजलेला. त्याच्यापासून इथेनॉल कमी निघते, ते वाढवणे हेच जात सुधारण्याचे काम. शेणाच्या उकिरड्यात जानेवारीच्या थंडीतही हात भाजतो. तिथे कोण राहते ते आधी बघा.

आम्हाला असा जंतू हवा जो पऱ्हाटीच्या रसात जगेल. तणसाच्या रसात जगणारा पऱ्हाटीच्या लाकडी रसात जगेलच असे नाही. आणि तो असा टणक हवा की लहान कारखान्यातही, तालुक्याच्या ठिकाणी, साध्या टाकीत चालेल. ज्याला पोसायला हजार कोटींचा महाल लागतो तो जंतू कितीही गुणी असला तरी आमच्या गावाला परवडणारा नाही.

बैठकीपुढचे ठराव

आजच्या जिल्हा बैठकीने पुढील मागण्या मान्य कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

एक. पऱ्हाटी, कडबा, धसकटे यांना सरकारी कागदात कचरा म्हणणे बंद करावे. तो शेतमाल आहे.

दोन. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दर हंगामाला जाहीर करावे की टनामागे किती लिटर इथेनॉल निघाले आणि ते किती भावाने विकले. अनुदान लोकांच्या पैशाचे आहे, हिशेबही लोकांसमोर पाहिजे. उसासाठी 2012 साली रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील 70 टक्के वाट्याचे सूत्र सांगितले. सूत्र बरे की वाईट, यावर वाद घाला, पण वाट्याचा हिशेब होऊ शकतो हे त्याने दाखवले. पऱ्हाटीचा करार करताना आपणही लिटरवर वाटा मागायचा. जंतू सुधारला की भाव आपोआप वाढला पाहिजे.

तीन. पऱ्हाटीला झोन नको, राखीव क्षेत्र नको, वाहतुकीला परवाना नको. पांढरा कोळसावाला जास्त देत असेल तर त्याला विकू, कारखाना जास्त देत असेल तर कारखान्याला. काहीच परवडले नाही तर रानात गाडू.

चार. लहान, तालुक्यापुरत्या इथेनॉल कारखान्याचा परवाना सोपा करावा. मोहाचा माठ लावणाऱ्या बाईवर 1949 च्या दारूबंदी कायद्याचा बडगा आणि लाख लिटरच्या टाकीला लाल गालिचा, हा न्याय आम्हाला समजत नाही. दारूची बाजू आम्ही घेत नाही, आमच्या मायबहिणींनी दारूचे दुःख पुरेसे भोगले आहे. आम्ही मोटारीच्या इंधनाबद्दल बोलत आहोत.

पाच. लिग्निन जाळून उरलेली राख फुकट परत मिळावी. त्यात आमच्या रानातला पालाश असतो. तो रानात परत गेला पाहिजे.

आणि आपल्यासाठी सहावा. कितीही भाव आला तरी सगळी पऱ्हाटी विकायची नाही. रानाचा वाटा रानाला द्यायचा. मात्र विकायची ती वेळेत उपटायची. फरदडीच्या मोहाने फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली किंवा धुऱ्यावर रचून ठेवली तर तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडते आणि पुढच्या हंगामात आपल्याच डोक्यावर बसते. गावातल्या दहा-वीस घरांनी एकत्र येऊन कुट्टीचे यंत्र घ्यावे, काटा स्वतःचा ठेवावा. सुटा शेतकरी ट्रॉली घेऊन दारात उभा राहिला की भाव दारवान ठरवतो. गावाची कुट्टी एका जागी असली की गिऱ्हाईक गावात येते.

भावांनो, जंतूला साखर लागते म्हणून प्रयोगशाळांनी त्याच्यासाठी पस्तीस वर्षे खपून ताट वाढले. त्याला कुठली साखर रुचते, किती ऊन सोसते, कशाने त्रास होतो, सगळे लिहून ठेवले. ती साखर ज्याच्या वावरात पिकते त्याला काय लागते, हे विचारायला कुणी आले नाही. म्हणून ते आपणच जाऊन सांगायचे आहे. पुढच्या वेळी कुणी पडदा लावून पऱ्हाटीचे सोने दाखवायला आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्या आजीचा प्रश्न विचारा.

जंतूला काय खाऊ घालता ते कळलं. आम्हाला काय देता?